तायनाचे तास

किर्स्तीने खिशातून कागद काढला आणि आईच्या कबरीच्या दगडासमोर उभी राहून ती मोठ्याने वाचू लागली, तेव्हा तिची मावशी हेल्मी गुडघ्यांवर बसून जेरेनियमसाठी खड्डा करत होती.

"माझ्या आईने मला कष्ट म्हणजे काय ते कधी तोंडाने सांगितलं नाही," किर्स्ती वाचत होती. "तिने ते करून दाखवलं. मी दहा वर्षांची असताना तिला कॅन्सर झाला. त्यानंतरची तीन वर्षं, अगदी शेवटच्या फेब्रुवारीपर्यंत, ती रोज पहाटे तीनला उठून आजोबांच्या बेकरीत कामावर गेली. तिने एकही पाळी चुकवली नाही. या गावातल्या प्रत्येक घराने तिच्या हातची निसु खाल्ली आहे. दुखत असताना तिने वेलदोड्याच्या त्या गोड पावाच्या वेण्या घातल्या, पण त्यातली एकही वाकडी नव्हती."

सरोवरावरून गार वारा येत होता. मे महिना संपत आला तरी दफनभूमीच्या कुंपणाशी मळकट बर्फाचा ढीग तसाच पडून होता. आर्व्हिड निस्कानेन घडीच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. वय एकोणऐंशी. नातीचं वाचन संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. डुएन फावड्याच्या दांड्यावर रेलून फावड्याकडेच बघत होता. त्याची बायको जेनेट हिने हेल्मीकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"कसं वाटलं?" किर्स्तीने विचारलं. "शुक्रवारी शाळेच्या निरोपसमारंभात अख्ख्या गावासमोर वाचायचंय. निबंधाला शिष्यवृत्ती दिलीय तर वाचायलाच लागतं म्हणे."

"छान लिहिलंयस," हेल्मी म्हणाली. रोपाभोवतीची माती तिने गरजेपेक्षा जास्त दाबली.

"आजोबा?"

"मोठ्याने वाच," आर्व्हिड म्हणाले. "मागच्या बाकांवर माझ्यासारखे बहिरे बसलेले असतात." आणि त्यांनी टोपी घातली.

गाडीकडे चालताना डुएन आपल्या बहिणीच्या, हेल्मीच्या, बरोबरीने आला. "आज नको," तो हळूच म्हणाला. "तुझ्या पर्समध्ये काय आहे ते ठाऊक आहे मला. जेनेट बोलली. आजचा दिवस राहू दे."

"पंधरा जूनची मुदत आहे, डुएन. दुसरा दिवस कुठून आणू?"

*

बेकरीला दर वर्षी मेच्या या सोमवारी, मृतांच्या स्मरणदिनी, सुट्टी असायची, पण वरच्या मजल्यावरच्या घरात वेलदोड्याचा वास सुट्टी घेत नसे. साठ वर्षांत तो भिंतींत मुरला होता. जेनेटने भाजलेला व्हाइटफिश मांडला, बटाट्याचं सॅलड मांडलं, आर्व्हिडनी स्वतःच्या हाताने कॉफी ओतली. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर तायनाचा, किर्स्तीच्या आईचा, फोटो होता, पांढऱ्या ॲप्रनमधला, आणि त्याखाली व्यापारी मंडळाने तिच्या माघारी दिलेली पितळी पाटी: अखेरच्या दिवसापर्यंत कामावर. हेल्मी नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. आजही तिने तीच खुर्ची धरली.

जेवण होत आलं तसं जेनेटने एका ताटलीत मासा आणि सॅलड वाढलं, वर रुमाल झाकला. "किर्स्ती, शेजारच्या सालमीबाईंना देऊन ये गं. त्यांच्याकडे आज कोणी आलेलं नाही."

किर्स्ती गेली. जिन्यावरची पावलं थांबली तशी हेल्मीने पर्समधून कागद काढून भावाच्या ताटाशेजारी ठेवला.

फार मोठा कागद नव्हता. अर्जदाराचं नाव, व्यवसाय, कामाचं स्वरूप, किती तास, मालकाची सही. हेल्मीकडे गृहविज्ञानाची पदवी होती, पंचवीस वर्षांपूर्वीची. शिक्षकाच्या परवान्याची परीक्षा ती मागच्या वर्षी पास झाली होती. म्हाताऱ्या ओबर्गबाई निवृत्त झाल्यावर गावच्या हायस्कुलातला गृहविज्ञानाचा वर्ग तिने दोन वर्षं तात्पुरत्या परवान्यावर चालवला होता. सहा शेगड्या, नऊ शिवणयंत्रं, आणि ज्यांना घरी कोणी अंडं उकडायलाही शिकवलं नव्हतं अशी चाळीस पोरं. पण या विषयाच्या कायमच्या परवान्यासाठी राज्याला आणखी एक गोष्ट हवी होती: शाळेबाहेर, त्याच प्रकारच्या धंद्यात, पगारी नोकरीचे दोन हजार तास. स्वयंपाक शिकवणाऱ्याने कधीतरी स्वयंपाकावर पोट भरलेलं असावं, एवढाच त्याचा अर्थ. हेल्मीला तो नियम वेडगळ वाटला नव्हता. उलट पहिल्यांदा वाचला तेव्हा तिला हसूच आलं होतं. दोन हजार? तिने साडेचार हजारांच्या वर तास या खालच्या भट्टीसमोर काढले होते.

फक्त त्यातल्या एकाही तासावर तिचं नाव नव्हतं.

"माझ्याकडे मुलांच्या शिबिराच्या स्वयंपाकघरातले सहाशे वीस आहेत," ती म्हणाली. "तेराशे ऐंशी कमी पडतात. मालक म्हणून आता तू आहेस. तुझी सही चालते."

डुएनने काटा खाली ठेवला. "कोणत्या वर्षांचे लिहू?"

"तीच वर्षं. दुसरी कोणती?"

"त्या वर्षांत तू इथे नोकरीला नव्हतीस."

"डुएन!" जेनेट म्हणाली.

"नव्हती म्हणजे कागदावर नव्हती गं! मला काय माहीत नाही? मीच तिला पीठ मळताना बघायचो ना रोज? पण हजेरीचं कार्ड तायनाचं होतं. पगार तायनाचा होता. आठवड्याला तीस तास भरले तरच विमा टिकणार होता आणि विमा टिकला तरच औषध मिळणार होतं. ते तीस तास तायनाने भरले असं आपण तीन वर्षं लिहून दिलं. दर शुक्रवारी. खाली सही कोणाची, सांगू?"

आर्व्हिड कॉफीत साखर ढवळत होते. ते कॉफीत साखर घालत नसत.

"आता मी लिहून दिलं की याच भट्टीवर, याच पाळीला, हेल्मी होती," डुएन म्हणाला, "तर उद्या कोणीतरी विचारणार, मग तायना कुठे होती? विमा कंपनीच्या तोंडात घास दिल्यासारखं आहे ते. या वयात बाबांना कोर्टात उभं करायचंय?"

"राज्याचं शिक्षण खातं आणि विमा कंपनी एका खोलीत बसत नाहीत," जेनेट म्हणाली. ती उठून हेल्मीच्या खुर्चीमागे आली आणि तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कोण कशाला जुळवून बघायला जातंय? आणि बघितलं तर बघू दे. या बाईने तीन वर्षं फुकट राबून दिलं तुमच्या घराला. नवरा सोडून आली होती, स्वतःचं असं काही नव्हतं, तरी एक शब्द बोलली नाही. मग तायना गेली तर तिची पोरही हिनेच सांभाळली. पोरीचा बाप तिकडे तेलाच्या विहिरींवर दुसरा संसार मांडून बसलाय. आज ती एक सही मागते आहे. एक! आणि तुम्ही दोघं पुरुष ताटात बघत बसलाय."

हेल्मीला त्या हाताची ऊब ब्लाउजमधून जाणवली. जेनेट तिच्या बाजूने अशी कधी उभी राहिली नव्हती. या घरात लग्न होऊन आल्यापासून दोघींचं बोलणं हवापाणी आणि किर्स्तीचे बूट यांच्यापलीकडे फारसं गेलं नव्हतं.

मग डुएनचा चेहरा उजळला. अडचणीतून वाट सापडली की तो लहानपणापासून असाच दिसायचा.

"थांब. तेवढेच तास दाखवायचेत ना? मग जुने कशाला उकरायचे? गेल्या दोन वर्षांतले दाखवू. तू शाळेत सकाळी आठला जातेस. पहाटे तीन ते सात इथे होतीस असं लिहितो. दिवसाला चार तास. तेराशे ऐंशी सहज बसतात. मी मालक, मी सही करतो, विषय संपला. तायनाचं नाव येतच नाही मध्ये."

"आणि पहाटे तीन ते सात इथे खरं कोण होतं?" जेनेटने विचारलं.

"म्हणजे?"

"गेली चार वर्षं, डुएन. तायना गेल्यापासून. तीन ते सात त्या भट्टीसमोर कोण असतं?"

"तू असतेस. पण तुला कुठे सर्टिफिकीट हवंय?"

जेनेटचा हात हेल्मीच्या खांद्यावरून निघाला.

"मला काही नको," ती म्हणाली. "पण माझे तास उचलून दुसरीच्या नावावर टाकायला ते काय रिकामे ट्रे आहेत? माझी मनगटं बघ. रात्रीसुद्धा पट्टे बांधून झोपते मी. माझ्या पहाटा आहेत त्या. चांगल्या असतील, वाईट असतील, माझ्या आहेत."

"अगं, कागदावर फक्त..."

"कागदावरच तर म्हणते मी!" जेनेटचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "हेल्मी, तुझ्याबद्दल नाही बोलत. तुला कळतंय ना?"

हेल्मीला कळत होतं. या टेबलाशी बसलेल्यांत तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. ती सात वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसली होती आणि बाबांनी याच आवाजात, इतक्याच साधेपणाने म्हटलं होतं: कार्ड तायनाचं राहू दे, तू आत जा. आणि ती हो म्हणाली होती, कारण समोर तायना बसली होती, डोक्याला रुमाल बांधून, सगळ्यांकडे माफी मागितल्यासारखी बघत.

"तसं नाही करायचं, डुएन," हेल्मी म्हणाली. "एकदा खोटं बोललो ते तिचा जीव वाचवायला. आता परत बोलायचं ते मला नोकरी लागावी म्हणून?"

"वाचला कुठे जीव!" डुएन म्हणाला, आणि म्हणून टाकल्यावर त्याने तोंडावरून हात फिरवला.

मग आर्व्हिडनी चमचा बशीत ठेवला.

"आण इकडे तो कागद."

"बाबा, तुम्ही मध्ये..."

"मालक तू आत्ता झालास. त्या वेळी मी होतो. माझीच सही चालेल." त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. "काय व्हायचंय माझं? एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला तुरुंगात घालून त्यांना त्याची पथ्यं सांभाळायला लागतील. मी दर शुक्रवारी सही केली, कारण माझी एक मुलगी मरत होती. त्या सहीची मला लाज नाही. पण दुसऱ्या मुलीकडे मी वळून बघितलं नाही, त्याची आहे. तिचं तारुण्य संपत आलं होतं, ती नुकती संसार मोडून घरी आली होती, आणि मी तिला काय दिलं? दुसरीचं कार्ड."

"आजोबा," दारातून आवाज आला, "कोणाचं कार्ड?"

*

किर्स्ती रिकामी ताटली छातीशी धरून उभी होती. ती जिना कधी चढून आली ते कोणाला कळलं नव्हतं. सालमीबाईंनी दारातच ताटली रिकामी करून तिला परत पाठवलं होतं की कसं, हे कोणी विचारलं नाही.

जेनेट सावरायला पुढे झाली. "काही नाही गं, बेकरीचं जुनं..."

"मामी, मी ऐकलंय."

आर्व्हिडनी नातीला समोरची खुर्ची दाखवली. ती बसली नाही. मग त्यांनी तिला उभ्यानेच सांगितलं. त्यांना गोष्ट सजवता येत नसे, त्यामुळे चार वाक्यांत ती झाली. तुझ्या आईला उभं राहवत नव्हतं. काम केलं नसतं तर औषध बंद झालं असतं. म्हणून काम हेल्मीने केलं. नाव तुझ्या आईचं लावलं.

किर्स्तीने ताटली टेबलावर ठेवली. ती रडली नाही. कपाळाला मधोमध आठी घालून ती विचार करत राहिली. गणित अडलं की हेल्मीच्या स्वयंपाकघरात ती अशीच बसायची.

"पण ती जायची," ती म्हणाली. "मी जागी असायचे कधीकधी. ती कोट घालायची. मावशीची गाडी यायची, ती खाली जायची. साडेसातला परत यायची, अंगाला पावाचा वास यायचा. मग ती कुठे जायची?"

सगळे हेल्मीकडे बघू लागले. कारण हे फक्त तिलाच माहीत होतं.

"इथेच यायची," हेल्मी म्हणाली. "भट्टीमागे पिठाची पोती असतात ना, तिथे मी एक खाट टाकली होती. ती त्यावर पडून राहायची. भट्टीची ऊब लागायची तिला. मी म्हणायचे, घरी झोप, कशाला थंडीत येतेस. तर म्हणायची, किर्स्ती उठून बघेल आणि मी अंथरुणात असेन, तर तिला कळेल."

"काय कळेल?"

"की आई मरते आहे."

किर्स्ती आता खुर्चीत बसली.

"म्हणजे माझ्यासाठी ती..." ती थांबली. "आणि मी शाळेत निसु न्यायचे. सगळ्यांना सांगायचे, माझ्या आईने पहाटे केलीय. बाईंना द्यायचे. त्या वेण्या?"

"माझ्या."

"सगळ्या?"

हेल्मीने मान हलवली.

"आणि निबंधात लिहिलंय मी, एकही वाकडी नव्हती. ते तुझं कौतुक केलंय मी. आणि तू तिथे माती उकरत ऐकत बसलीस!" तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तुम्ही सगळेच ऐकत बसलात. मी दगडासमोर उभी राहून खोटं वाचते आहे, आणि आजोबा म्हणतात मोठ्याने वाच!"

आर्व्हिडनी डोळे मिटले. डुएन खिडकीकडे गेला. जेनेट किर्स्तीच्या मागे उभी राहिली, तिला हात लावावा की नाही ते न कळून.

"एक सांग मावशी," किर्स्ती म्हणाली. "खरं सांग. मग तिच्या हातचं मी शेवटचं काय खाल्लं?"

हेल्मीला हा प्रश्न यायला नको होता. चार वर्षं तिने स्वतःलासुद्धा तो विचारू दिला नव्हता. पण पोरीने खरं सांग म्हटलं होतं, आणि आज या टेबलावर खोट्याला जागा उरली नव्हती.

"तुझा तेरावा वाढदिवस," ती म्हणाली. "ऑक्टोबरातला. त्या दिवशी ती खाटेवरून उठली. म्हणाली, बाजूला हो, आजची पोरीची मी करते. मी स्टूल दिलं तिला. तीन पदर वळायला तिला दीड तास लागला. मध्ये दोनदा थांबली. मी हात लावायला गेले तर ओरडली माझ्यावर. लहानशी केली होती, दोन मुठींएवढी. आणि भट्टीतून काढायलाही तिनेच घेतली, तर थोडा उशीर झाला."

किर्स्ती तिच्याकडे बघत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. ज्याने तो पाहिला त्याला तो पुढे कधी विसरता आला नाही. जेनेटने नंतर डुएनला तसं सांगितलं.

"खालून जळली होती," किर्स्ती म्हणाली.

"थोडीशी."

"वाकडी होती. मी अर्धी टाकली. मी म्हटलं..." तिने तोंडावर हात धरला आणि हाताआडून बोलली. "मी म्हटलं, आई, आज तुझी बिघडलीय."

"हो."

"मी असं म्हटलं तिला."

"किर्स्ती, ऐक. दुसऱ्या दिवशी पहाटे खाटेवर पडून तिने मला ते सांगितलं. आणि हसली. खूप दिवसांनी एवढी हसली, इतकी की खोकला आला. म्हणाली, हेल्मी, पोरीला पारख आहे बघ, तुझी आणि माझी तिने बरोबर ओळखली."

मग किर्स्ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, लहानपणी रडायची तशी, आवाज न दाबता. यावेळी जेनेटने तिला जवळ घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवताना जेनेटच्या मनगटावरचा पट्टा वर सरकत होता, आणि हेल्मीला तो बघवेना.

डुएन खिडकीशी उभा होता तो वळला. "सही करा, बाबा," तो म्हणाला. "जे व्हायचं ते होईल. बेकरी गेली तर गेली."

"हो, आजोबा, करा," किर्स्ती डोकं न उचलता म्हणाली. "मी तो निबंध परत करते. सांगते त्यांना, चुकीचं लिहिलं. मावशीचे तास मावशीला मिळू देत."

आर्व्हिडनी पेनाचं टोपण काढलं.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते चौघं एकाच बाजूला होते, आणि ती बाजू हेल्मीची होती. तिला वाटलं होतं, असं झालं तर छाती भरून येईल. पण तिला दिसली ती फक्त खालची भट्टी, आणि तिच्यामागे खाटेवर पडलेली बहीण. पहाटेमागून पहाट ती बोलत असायची. दवाखान्यातल्या गमती, किर्स्तीची मार्कं, लहानपणी दोघींनी मिळून चोरलेला साखरेचा डबा. हेल्मी पीठ मळता मळता ऐकायची. तेव्हा तिने तास मोजले नव्हते. मोजायचा विचार आला असता तर ते कधी संपू नयेत म्हणून आला असता.

तिने हात पुढे करून बाबांच्या पेनाखालून कागद ओढून घेतला.

"नको," ती म्हणाली.

"हेल्मी, मी म्हणतो ना..."

"तुम्ही म्हटलंत, तेवढं पुरे झालं मला. खरंच पुरे झालं, बाबा." तिने कागदाची घडी घातली. "कोणी तुम्हाला खुर्चीत बसवून विचारणार, तुमची मुलगी कामावर होती की नाही, आणि तुम्ही त्यांना सांगणार, नाही, ती पोत्यांमागे पडून होती. कशाला? तेच लपवण्यासाठी तर ती रोज कोट घालून थंडीत यायची. मला मास्तरीण व्हायचंय. पण असं नाही."

"मग कसं?" डुएनने विचारलं.

हेल्मीने उठून ताटं गोळा करायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने जेनेट तिच्याशेजारी येऊन पुसायला लागली. शेवटची बशी पुसून झाल्यावर जेनेटने नुसतं एवढंच विचारलं, "खाट कुठाय ती?"

"मी मोडून टाकली. ती गेली त्याच आठवड्यात."

*

मंगळवारी सकाळी घंटेआधी हेल्मी मुख्याध्यापक हॅलोरन यांच्या खोलीत गेली. ते भले गृहस्थ होते. दोन वर्षं त्यांनी तिचा तात्पुरता परवाना वर भांडून मिळवला होता, आणि यंदा भांडायलाही जागा नव्हती. शाळा समितीने लिहूनच दिलं होतं: पक्का परवाना असलेला शिक्षक नसेल तर वर्ग बंद, आणि खोली व्यायामशाळेला.

त्यांनी तिच्यासमोर फाइल उघडली. "शिबिराचे सहाशे वीस. बरोबर? आणि बाकीचे?"

"बाकीचे नाहीत."

हॅलोरननी चष्मा काढला. "हेल्मी, असं कसं? तुमची घरची बेकरी आहे. तुम्ही निस्कानेनांच्या. मी स्वतः सकाळी सातला पाव घ्यायला यायचो, तुम्हाला काउंटरमागे पिठाने माखलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. एकदा नाही, शंभर वेळा. वडिलांकडून एक चिठ्ठी आणा, मी आज पाठवतो."

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पोरांचा गलका सुरू झाला होता. त्यात कुठेतरी किर्स्तीचा आवाज असणार. सकाळी गाडीत ती म्हणाली होती की निबंध ती परत करणार नाही, पण सगळा नव्याने लिहिणार, तेराव्या वाढदिवसावर. पहाटेच्या पाळीचा उल्लेख त्यात नसेल. मग तिने विचारलं होतं, कोळपलेली निसु असं लिहू की जळलेली, आणि हेल्मीने गाडी बाजूला घेऊन थांबवली होती.

"वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जागा आहे," हेल्मी म्हणाली. "जूनच्या सोळापासून जाते. आठवड्याला चाळीस तास धरले तर फेब्रुवारीपर्यंत तेराशे ऐंशी भरतील."

"फेब्रुवारीपर्यंत इथे वजनं उचलायची यंत्रं आलेली असतील. शेगड्या काढायला सप्टेंबरात माणसं येणार आहेत." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "बाई, मला समजत नाही. बेकरीतली ती तीन वर्षं मी पाहिलीत. ती तुम्ही लिहायला तयार का नाही?"

हेल्मीने पर्सचा बंद लावला आणि ती उभी राहिली. पहिल्या तासाला अंड्याचं कस्टर्ड होतं. दूध आधी कोमट करायला हवं होतं, नाहीतर पोरं अंडी फोडून वाट बघत बसली असती.

"तिथे मी नव्हते, सर," ती म्हणाली. "तिथे माझी बहीण काम करायची."

हॅलोरननी बाकीच्या तासांच्या रकान्यात आडवी रेघ मारली.